आठ आवाजांतली नववी

मी एक उचकी बोलतेय. पाणी पिऊ नका, मी तुमच्या घशातली नाही. कॉम्प्युटरमधली आहे.

माझा जन्म पैजेतून झाला. वर स्टुडिओ, खाली सोड्याचं दुकान. दुकान बाईंच्या धाकट्या बहिणीचं. बाई म्हणजे गाणं शिकवणाऱ्या, इतक्या कडक की त्यांच्यासमोर पंखासुद्धा तालात फिरतो.

बहीण म्हणाली, "ताई, सगळ्यांना दम सांभाळा, दम सांभाळा करतेस ना. ही बाटली एका दमात संपवून दाखव."

"त्यात काय मोठंसं," म्हणत बाईंनी बाटली तोंडाला लावली ती रिकामी करूनच काढली. ओठ पुसून जिना चढल्या. मी पोटात बुडबुड करत चान्स बघत बसलेले.

वर सात जण थांबले होते, आठवा आवाज बाईंचा. स्पर्धेचं गाणं पाचच्या आत पाठवायचं होतं. आठ माइक, आठ ट्रॅक. दुसऱ्या कडव्यात सगळ्यांनी लांबलचक सूर लावला आणि मी सुटले. उक्. बाईंची भुवईसुद्धा हलली नाही. काय ती ॲक्टिंग!

तेव्हा मी फक्त बाईंच्या ट्रॅकवर होते. तेवढाच ट्रॅक क्षणभर गप्प केला असता, तर माझा खेळ खल्लास. पण रेकॉर्डिस्टकाकांचा कॉम्प्युटर म्हातारा. आठ आवाज आणि वर वाद्यं म्हटलं की त्याला धाप लागते. म्हणून काकांनी आठही आवाज एकदम वाजवून एकाच नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड केले. याला ते सबमिक्स म्हणतात. आठ जणांचे कपडे एका बादलीत भिजवायचे तसं, एकाचा रंग गेला की सगळ्यांना लागला.

नेमकी माझी वेळ आली आणि चहा आला. काकांनी हेडफोन काढून कप घेतला. मी गुपचूप आत. मग जागा व्हावी म्हणून काकांनी जुने आठ ट्रॅक पुसून टाकले. झाले की नाही मी पक्की?

साडेतीनला सगळे ऐकायला बसले. उक्.

"हे काय होतं?" असं विचारलं कोणी? बाईंनी.

काकांनी मागे नेऊन पुन्हा वाजवलं. उक्. पाच वेळा वाजवलं. मला वाटलं, फॅनच झाले सगळे माझे.

"कापून टाका की," गाणाऱ्यांतले दातांचे डॉक्टर म्हणाले.

"कसं कापू? हिला कापलं की तुम्हा आठांचा सूरही गेला. आता सगळं एकात एक आहे."

सगळ्यांच्या माना शिंपीदादांकडे वळल्या. घाबरले की त्यांना उचकी लागते. तीन वर्षं मागे लागून ते गेल्या महिन्यात ग्रुपमध्ये आले होते. आणि बाईंचा नियम असा, की ज्याने रेकॉर्डिंग बिघडवलं तो ग्रुपमधून बाहेर.

"मी नव्हतो हो," दादा म्हणाले. तेवढ्यात त्यांना उचकी लागली.

माझी मजाच गेली. दादांची उचकी माझी कोणी लागत नव्हती, पण डिट्टो माझ्यासारखी होती. मी ओरडत होते, मी बाईंची, मी बाईंची. पण मला शब्द एकच येतो.

दादांनी गाण्याच्या कागदाच्या चार घड्या घालून तो खिशात ठेवला, दाराबाहेर चपला शोधायला लागले. बाईंनी पेटी पुढे ओढली.

उरलेल्या सात जणांनी एकदा गाऊन बघितलं. दादांचा खालचा जाड सूर नव्हता. गाणं नाडी नसलेल्या पायजम्यासारखं घसरत होतं.

"चला, असंच घेऊ," काका म्हणाले. "पण डिस्क भरलीय. आधी ही जुनी फाइल पुसतो."

आता काकांचं बोट बटणावर आहे. स्क्रीन विचारतेय, नक्की पुसू का? बाबांनो, मी गेले तर जाईन, पण मग दादा कायमचे चोर ठरतील. कोणीतरी बोला. मी फार लहान आहे, मला जेमतेम अर्धा सेकंद मिळाला होता.

बाहेर जिन्यावरून अजून दादांची उचकी ऐकू येतेय.

"थांबा, पुसू नका," बाई म्हणतायत. उठून त्यांनी दार उघडलंय. "दादा, चपला काढा, आत या. ती उचकी माझी आहे. खाली आख्खी बाटली सोडा प्यायले मी, एका दमात."