सिंथचा सौदा

"सूर हलतोय याचा," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. असलं यंत्र पंधरा मिनिटं तापू दिल्याशिवाय त्याचा सूर जागेवर बसत नाही, हे मला ठाऊक होतं. विकणाऱ्या प्रीतमला ठाऊक होतं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या दीपमालाला तर आम्हा दोघांपेक्षा जास्त ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त तिच्या बापाला, ज्योतीरामला, आणि मी बोललो होतो ते त्याच्याच सांगण्यावरून.

ज्योतीरामने लगेच धागा उचलला. "बगा," तो प्रीतमला म्हणाला, "शफीभाई जुना मिस्त्री हाय. चिखलीत वीस वर्षं स्पीकर-अ‍ॅम्प्लिफायर खोलतोय. त्यो म्हंतोय हलतंय म्हंजी हलतंय."

"काका, अ‍ॅनालॉग आहे ते. आत्ताच चालू केलंय," प्रीतम म्हणाला. तिशीतला, चष्मेवाला, आवाज न चढवणारा माणूस. मारुंजीत चौदाव्या मजल्यावरचा त्याचा भाड्याचा फ्लॅट अर्धा रिकामा झाला होता. पुढच्या आठवड्यात तो नोकरीसाठी परदेशी निघाला होता, म्हणून दोन सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, विकायला काढले होते. टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी मांडलेले. एक पांढरा, हलका, पाचशे तयार आवाज पोटात घेऊन बसलेला. दुसरा काळा, दोन्ही कडांना लाकूड, वर पन्नासेक नॉब. त्या काळ्यात तयार असं काहीच नव्हतं. प्रत्येक आवाज हाताने शोधून काढायचा आणि कसा काढला ते वहीत लिहून ठेवायचं, कारण वीज गेली की यंत्र सगळं विसरणार.

दीपमालाला तो काळा हवा होता.

नुसता हवा होता म्हणून भागणार नाही. चाकणच्या एका कंपनीत ती अ‍ॅप्रेंटिस होती, दिवसभर गेज लावून पार्ट तपासायची. तिथल्या पैशातून दोन वर्षं बाजूला काढत होती. लॅपटॉपवर संगीत करायची, पण ते तिला टोचायचं. "चाचा, माउसनं एका वेळी एकच गोष्ट फिरवता येते," असं एकदा माझ्या दुकानात बसून म्हणाली होती. "मला दोन्ही हात पाहिजेत." मी विचारलं होतं की मग तो पाचशे आवाजांचा का नको, स्वस्तही आहे. तर म्हणाली, "ते पाचशे दुसऱ्यांनी शोधलेत." कुठला घ्यायचा हे ठरवायला तिने वर्ष घातलं. पुण्यातल्या एका दुकानात तीन वेळा गेली, तिन्ही वेळा सेल्समनने दहा मिनिटांनी उठवलं. शेवटी हा ठरला, तर कंपनीने तो बनवणंच बंद केलं होतं. वापरलेला निघालाच तर दिल्ली, बेंगळुरू. आणि मग एक दिवस मारुंजीत, घरापासून तासाभरावर. तिने आपलं संगीत प्रीतमला फोनवर ऐकायला पाठवलं, त्याने ऐकलं आणि भाव स्वतःहून उतरवला. म्हणाला, वाजवणाऱ्याकडे जाऊ दे.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच त्या दिवशी मी जे केलं त्याला माफी नाही.

येताना डांगे चौकात चहाला थांबलो, तेव्हा ज्योतीरामने मला टपरीच्या मागे घेतलं होतं. तो चाकणच्या अलीकडच्या एका वाडीतला. बाप हेडी होता, म्हणजे बैलांचा दलाल, चाकणच्या बाजारात नाव असलेला. ज्योतीरामही विशीपर्यंत बापाबरोबर उभा राहिला. पुढे जमिनी गेल्या, बैल गेले, आता तो एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. पण माणूस कंपनीत गेला तरी बाजार त्याच्यातून गेला नव्हता. मोबाइलचं कव्हर घेतानासुद्धा तो आधी दुकानाबाहेर दोन पावलं टाकून बघायचा.

"शफीभाई, पोरीनं भाव ठरवलाय," तो म्हणाला. "ठरलेला भाव म्हंजी पयला भाव. तुमी फकस्त खोट काडा. बाकीचं माज्याकडं."

"राव, तो माणूस भला वाटतोय. आधीच कमी केलंय त्याने."

"भला हाय म्हनूनच अजून उतरंल."

मी हसलो. खरं सांगायचं तर मला मजा वाटली. आयुष्यभर गिऱ्हाइकं माझ्या कामात खोट काढत आली, एक दिवस आपण काढून बघावी असं वाटलं. दीपमालाला त्याने गाडीतच बजावलं होतं, तिथे एक शब्द बोलायचा नाही. ती "बरं पप्पा" म्हणाली. त्या घरात वस्तू बापच घ्यायचा. तिच्या शाळेच्या बुटापासून तसंच चालत आलं होतं.

तर, सूर हलतोय म्हणून झालं. मग मी एक नॉब फिरवला, जरा खरखरला. स्प्रेचे दोन थेंब टाकले की जाते ती खरखर. मी मात्र तोंड वाकडं करून म्हणालो, "नॉबखालचे पॉट गेलेत." प्रीतमने तो नॉब स्वतः फिरवून पाहिला. त्याचा चेहरा उतरला. आपण खराब माल देतोय की काय अशी शंका आलेल्या माणसाचा चेहरा होता तो, आणि मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा गडी कधी बाजारात उभा राहिलेला नाही.

बाजारात कुणी बैलाला थेरडं म्हटलं म्हणून कोणी रागावत नाही. विकणारा मनात हसतो, कारण पुढच्या शनिवारी तोही दुसऱ्याच्या बैलाला तेच म्हणणार असतो. जो न्यायचा त्याच्याकडे पाठ करायची, जो न्यायचा नाही त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा. ज्योतीरामने तेच केलं. काळ्याकडे पाठ करून तो पांढऱ्यावरून तळवा फिरवू लागला.

"ह्यो कसा हाय बगा. स्वच्छ. हलका. बायामानसानं उचलावा असा."

"पण दीपमालाला तर हा हवाय ना?" प्रीतमने तिच्याकडे बघितलं. "तू वाजव ना जरा. आता तापला असेल."

तिने हात पुढे केला. बोटं पट्ट्यांवर टेकली सुद्धा नव्हती.

"हात लावू नगंस," ज्योतीराम म्हणाला.

हाही बाजाराचाच नियम. गिऱ्हाइकाने जनावराला प्रेमाने हात लावला की भाव फिरला. तिने एक सूर वाजवला असता तर तिच्या तोंडावर सगळं लिहून आलं असतं, हे बापाने बरोबर ओळखलं होतं. तिने हात मागे घेतला आणि ओढणीत गुंडाळला.

इथवर थांबला असता तरी निभावलं असतं. पण सगळ्यात शेवटचा डाव राहिला होता, गरज नसल्याचा. आम्हाला बैल नकोच आहे, पोराने हट्ट धरलाय, असं म्हणायचं आणि उठायचं.

"खरं सांगू का साहेब," ज्योतीराम खुर्चीवर ऐसपैस बसत म्हणाला, "ही पोरीची हौस. तिला काय येतंय त्यातलं? गळा न्हाई, ताल न्हाई. कंपनीत प्रेस चालती ना, तसं धाडधाड करती आन म्हंती संगीत. दोन वर्सांत लगीन झालं की ह्ये पडंल माळ्यावर. आमी आपलं म्हनलं, रडती तर देऊ घेऊन. तवा भंगाराचा भाव सांगा, उचलून नेतो."

मी दीपमालाकडे पाहिलं नाही. पाहायला हवं होतं, पण पाहिलं नाही. मी त्या खरखरणाऱ्या नॉबकडे बघत राहिलो.

 प्रीतमने काळ्या सिंथचा स्विच बंद केला. लाल दिवा गेला.

"मग नका घेऊ, काका," तो म्हणाला. "मी तिच्यासाठी ठेवला होता. तिचं काम मला आवडलं होतं. पण माळ्यावर टाकायला मला नाही द्यायचा. कोथरूडचे एकजण मागे लागलेत, त्यांना सांगतो."

ज्योतीरामचे डोळे चमकले. बाहेर आल्यावर लिफ्टमध्ये त्याने मला कोपर मारलं. "दुसरं गिऱ्हाइक! ही थाप तर माजा बाप पन मारायचा. आता गेटपाशी जाऊन बसू. हाक मारतोय बगा."

सोसायटीच्या गेटसमोर टपरी होती. तिथे बसलो. साडेअकरा झाले होते.

"पप्पा, मी वर जाते," दीपमाला म्हणाली. "ठरलेत तेवढे देते आणि घेऊन येते."

"गप बस. पंधरा मिंटं."

पंधरा मिनिटांनी तिने पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "आत्ता गेलीस तर सगळं मुसळ केरात." तिने फोनवर काहीतरी टाइप केलं, पाठवलं, आणि फोन हातात धरून बसली. उत्तर आलं नाही. मी म्हणू शकलो असतो, राव, जाऊ दे तिला. मी दुसरा चहा सांगितला.

पाऊण वाजता एक पांढरी कार आत गेली. वीस मिनिटांनी प्रीतम आणि पस्तिशीचा एक माणूस लिफ्टमधून बाहेर आले. दोघांनी मिळून चादरीत गुंडाळलेलं काहीतरी आडवं धरलं होतं. चादरीच्या टोकाला लाकडाची कड दिसत होती.

"दुसरं काय तरी असंल," ज्योतीराम म्हणाला.

दीपमाला उठून उभी राहिली होती. 

मग मात्र तो धावला. पन्नाशीचा माणूस, पायात कंपनीचे सेफ्टी बूट, रस्ता न बघता पलीकडे. आम्ही त्याच्या मागे. कारचं मागचं दार उघडं होतं आणि ते यंत्र सीटवर आडवं ठेवून झालं होतं.

"साहेब, ओ साहेब! तुमी सांगितला त्योच भाव. वर पाच हजार घ्या."

"विकलाय, काका," प्रीतम म्हणाला.

"धा घ्या!" मग तो त्या कोथरूडच्या माणसाकडे वळला. त्याने हातच जोडले. "दादा, तुमाला दुसरा मिळंल. पोरीचं दोन वर्सांचं हाय ह्ये. लई वाजवती ओ ती. रात रात बसती. तिच्यावानी हिकडं कोनी न्हाई. तुमी ऐका तरी, पाच मिंटं ऐका."

तो माणूस सौम्य हसला. "एवढी वाजवते, तर सकाळीच घेतला असतात की, काका."

प्रीतमने दीपमालाकडे बघितलं. "तुझा मेसेज वाचला मी," तो म्हणाला. "पण वर फ्लॅटमध्ये काका इतकं बोलत होते आणि तू एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं, मेसेजसुद्धा घासाघीसच असेल."

तिने मान हलवली. त्याचं बरोबर आहे, अशी.

कारचं दार लागलं. कार गेटबाहेर पडून हिंजवडीच्या दिशेने गेली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आपल्यात म्हणतात. इथे बैल रिकामा राहिला, आणि शहाणे आम्ही दोघे होतो.

ज्योतीराम अजून प्रीतमचा दंड धरून होता. "साहेब, खरं सांगतो. आमची दीपमाला म्हंजी... शिकवायला कोनी न्हाई, काय न्हाई, तरी... लई हुशार हाय ओ." मग लेकीकडे वळून म्हणाला, "सांग की गं त्यास्नी."

"पप्पा," ती म्हणाली, "आता कोणाशी भाव करताय?"

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. तिने साधं विचारलं, खरंच माहीत नसल्यासारखं. ज्योतीरामचा हात प्रीतमच्या दंडावरून खाली आला.  उभ्या जन्मात त्याने लेकीचं कौतुक पहिल्यांदा केलं होतं, आणि ते कुठल्या भावाने घ्यायचं हे तिला कळत नव्हतं.

"मी बसनं येते," ती म्हणाली, आणि स्टॉपच्या दिशेने चालू लागली. मी हाक मारली, "दीपा, बेटा, गाडीत बस." तिने वळून न बघता हात वर केला, म्हणजे तुम्ही जा. माझ्यावरही ती रागावली नव्हती. मला वाटतं तिने मला हिशेबातूनच काढून टाकलं होतं.

आम्ही दोघे माझ्या टेम्पोतून निघालो.  भूमकर चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा तो समोर बघतच म्हणाला, "शफीभाई, ती खरंच बरं वाजवती का हो?"

मी त्याच्याकडे बघितलं.

"न्हाई म्हंजी," तो म्हणाला, "घरात ती कानाला लावून बसती. खोली येकच, आमाला तरास नको म्हनून. मान हलवती, हात हलवती. आवाज काय येत न्हाई. मी कवा ऐकलंच न्हाई."

"चांगलं वाजवते," मी म्हणालो.

"म्हंजी कसं?"

मला सांगता येईना.

"तुमच्याकडं हाय का कायतरी? मोबाइलमदी? लावा की."

होतं. मागच्या महिन्यात तिने पाठवलेलं सात मिनिटांचं काम माझ्या खिशातल्या फोनमध्ये होतं. मी ते दुकानात मोठ्या स्पीकरवर लावून तीनदा ऐकलं होतं. तिसऱ्यांदा तर हातातलं सोल्डरिंग तसंच ठेवून ऐकलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "माझ्याकडे नाही."

का म्हणालो, ते मला त्या वेळी चांगलं ठाऊक होतं. सकाळपासूनचं जे माझ्या अंगाला चिकटलं होतं ते मला त्याच्यावर ढकलायचं होतं. एवढं सगळं करून त्याला ते फुकटात ऐकायला मिळू नये, असं मला वाटलं. सकाळचं माझं बोलणं निदान अर्धं तरी खरं होतं. हे नव्हतं.

त्याने मान डोलावली. सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. ज्योतीरामने खिडकीची काच वर केली, आणि चिखली येईपर्यंत दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला.