नॅन्सीबाईंच्या डोक्यावरची चादर

मी सोलापुरी चादर बोलतेय. जरा जवळ या, मोठ्यानं बोलायची मला भीती वाटते.

काशम्मानं मला यंत्रमागावर विणलं. पाळी सुरू झाली की मालक कारखान्याला बाहेरून कुलूप घालतो, कुणी मध्येच घरी जाऊ नये म्हणून. आत सुताचा भुगा उडत असतो. एखादी ठिणगी पडली तर? हा विचार सगळ्यांच्या मनात येतो, पण बोलत कुणी नाही.

काशम्माच्या शेजारी नॅन्सीबाई राहायला आल्या. बाई अमेरिकेच्या. तिकडच्या मासिकांत लिहून नाव कमावलं, मग मासिकं बंद पडत गेली आणि त्या रेडिओकडे वळल्या. तिकडच्या रेडिओसाठी इथल्या कामगारांच्या गोष्टी टिपायला आल्या होत्या. काशम्मानं मला त्यांना भेट दिली. बाईंनी मला अंथरलं नाही की पांघरलं नाही. डोक्यावरून ओढून घेतलं आणि आत माईकवर बोलायला लागल्या! मी रिक्षांचे भोंगे अडवते म्हणे. भर उन्हात बाई घामानं निथळायच्या, पण मला मोठा मान वाटायचा.

एकदा काशम्मानं त्या माईकवर कुलपाची गोष्ट सांगून टाकली. दुसऱ्या दिवशी धावत आली.

"बाई, माझा आवाज नगा लावू."

"नाव बदलते. अमेरिकेत कोण ओळखणार तुला?"

"मालकाचा पोरगा तितंच शिकतोय की. आवाजावरनं वळखंल."

"बरं, नाही लावणार," बाई म्हणाल्या.

मग काशम्माचं बोलणं बाईंनी स्वतःच वाचून पाठवलं. अमेरिकेतून संपादकाचा फोन आला : त्या कामगार बाईचाच आवाज हवा, नाहीतर कार्यक्रम रद्द. फार दिवसांनी मिळालेलं काम होतं. नॅन्सीबाई माझ्या आत रडल्या. आणि रडता रडता काशम्माचा आवाज पाठवून मोकळ्या झाल्या. मला असा संताप आला! पण चादरीला हात कुठे असतात, की मी त्यांचा हात धरणार?

काल तो कार्यक्रम लागला. आज काशम्मा पहाटेच्या पाळीला गेली, ती सुटायची वेळ टळली तरी आलेली नाही. फोन उचलत नाही. बाई मला घट्ट लपेटून बसल्यात, आणि त्यांच्या अंगाचं कापरं माझ्यात उतरतंय.

तुमच्या कानावर तो आवाज पडला असेल, तर एवढं करा. कुणी विचारलं तर सांगा, तो आवाज सोलापूरच्या बाईचा नाही. माझ्यासाठी एवढं खोटं बोला.