वेगळे झाल्याची तारीख

"चार ऑक्टोबर," एमिल म्हणाला आणि त्याने टोपी गुडघ्यावर उलटी ठेवली.

कर्स्टनने तारीख लिहून घेतली. घटस्फोटाचे कागद भांडणाशिवाय व्हावेत म्हणून एमिल आणि त्याची बायको व्हर्ना, दोघांनी मध्यस्थ म्हणून तिला निवडलं होतं. लहानपणी तिने शाळेच्या स्वयंपाकघरात व्हर्नाच्या हातचं बार्लीचं सूप रोज दोनदा मागून घेतलं होतं, आणि अजून ती तिला मावशीच म्हणायची.

वाटणी करायची ती व्हर्नाच्या पेन्शनची. एकतीस वर्षं तिने शाळेत पातेली घासली, त्याचं ते फळ. एमिलने जन्मभर लोकांचे ट्रॅक्टर दुरुस्त केले. त्याला कसलं पेन्शन? लग्न झाल्यापासून वेगळे होईपर्यंत जेवढं साठलं, तेवढ्याचंच अर्धं त्याला मिळायचं होतं. चार ऑक्टोबर धरला तर दीड वर्षाचं.

साठी उलटल्यावर केलेलं लग्न ते. नवराबायको नवे, पण सवयी जुन्यापुराण्या. त्याला पहाटे पाचला रेडिओ हवा, तिला शांतता. तिच्या पहिल्या नवऱ्याचा कोट दाराच्या खुंटीवरून तिने कधी काढला नाही आणि एमिलने कधी काढ म्हटलं नाही. मग एका शनिवारी तो सूटकेस घेऊन भावाच्या घरी राहायला गेला. जाताना करकरणाऱ्या दाराला तेल घालून गेला.

व्हर्नाने पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

"तारीख चुकली आहे. बारा मार्च लिही."

कर्स्टनने तिला समजावलं, की पाच महिने वाढले तर एमिलचा वाटा वाढेल. महिन्याला नऊ डॉलर जास्त जातील, ते मरेपर्यंत. व्हर्नाने ऐकलं, मान हलवली आणि पुन्हा बारा मार्चच म्हणाली.

"मी ऑक्टोबरातच गेलो," एमिल म्हणाला. "सगळ्या गावानं पाहिलंय."

"गावानं सूटकेस पाहिली. मग हिवाळाभर माझ्या दारात बूट न काढता जेवत होता, तो कोण? वीज कंपनीचा माणूस?"

एमिलचे कान लाल झाले. उणे तीसच्या थंडीत मोटारीच्या इंजिनाला रात्रभर विजेची ऊब दिली नाही, तर सकाळी ती हूं की चूं करत नाही. व्हर्नाला सहाला शाळेत चूल पेटवायची असे. नोव्हेंबरपासून रोज संध्याकाळी तो यायचा, मोटारीला वायर जोडायचा, उंबऱ्यात उभ्यानेच पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, खायचा आणि निघून जायचा. बर्फ वितळायला लागलं तेव्हा, बारा मार्चला, त्याने वायर गुंडाळून गॅरेजमधल्या खिळ्याला टांगली.

"तो शेजारधर्म होता," तो पुटपुटला.

"अठरा किलोमीटरवरचा शेजारी? रोज?" व्हर्ना म्हणाली. "हे बघ, दीड वर्षात नांदणं काही आपल्याला जमलं नाही. पण त्या पाच महिन्यांत मी कुणाची तरी बायको होते, एमिल. ते मला नऊ डॉलरसाठी खोडायचं नाही."

कर्स्टन म्हणाली, नवराबायको म्हणून राहणं कधी थांबलं एवढंच कायदा विचारतो, आणि त्याचं उत्तर या दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

एमिलने टोपी सरळ केली, पुन्हा उलटी केली.

"तेरा," तो शेवटी म्हणाला. "तेरा मार्च. खिळा सैल वाटला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी येऊन ठोकून गेलो. तू शाळेत होतीस."

कर्स्टनने चार ऑक्टोबर खोडून तेरा मार्च लिहिलं. दोघांनी सह्या केल्या. जिन्यावर त्याने व्हर्नासाठी दार धरलं आणि ती आभार न मानता पुढे गेली, जशी नेहमी जायची.

पुढच्या नोव्हेंबरात पहिली कडक थंडी पडली, तेव्हा व्हर्ना गॅरेजमध्ये गेली. वायर त्याच्या पद्धतीने, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गुंडाळलेली होती. मोटारीकडचं टोक तिला चटकन ओळखू यावं म्हणून त्याला लाल लोकरीचा धागा बांधलेला होता. तिने वायर ओढून काढली. खिळा जरासुद्धा हलला नाही.