मोगऱ्याचा ताण

आमच्या निलंग्याच्या गल्लीत माझ्या बायकोच्या, शांतम्माच्या मोगऱ्याचं मोठं प्रस्थ होतं. संक्रांत झाली की ती त्याचं पाणी तोडायची. पानं ओरबाडायची, फांद्या छाटायची, झाडाचा पार खराटा करून टाकायची. मग शेणखत, मग पाणी. चैत्रात परडीत कळ्या मावायच्या नाहीत. बायका विचारायला आल्या की म्हणायची, "ताण दिल्याबिगर मोगरा फुलत न्हाई. जीव घट्ट करा की जरा."

आता तिला संक्रांत आठवत नाही. पाणी घालायचं तेवढं आठवतं. घातलेलं आठवत नाही, म्हणून पुन्हा घालते. मागच्या वर्षी झाड नुसतं पानांनी माजलं, फूल एक नाही. आणि हिची रीत अशी, की गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय तोंडात घास घालायची नाही, आणि उन्हाळ्यात पूजेला घरचाच मोगरा हवा. बाजारातून आणलेली फुलं तिनं माझ्या अंगावर फेकली. रोज सकाळी विनवण्या, दुपारपर्यंत उपास. तिची हाडं वर आली आणि मी पार मेटाकुटीला आलो.

म्हणून यंदा चंग बांधला, ताण द्यायचाच. पानं तोडली, तांब्या-बादली लपवली आणि अंगणात खुर्ची टाकून बसलो. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली, पण इतका थकलो नव्हतो. म्हातारपणी बायकोपासून झाड राखत बसायचं, ही काय नोकरी झाली? ती फिरून फिरून यायची. "नीरु, नीरु," म्हणायची. माहेरच्या कानडीत पाणी मागायची, तेही झाडासाठी. मी हाताला धरून आत नेऊन बसवायचो. पुन्हा यायची.

काल दुपारी बसल्या बसल्या डोळा लागला. जागा झालो तर ती आळ्यापाशी बसलेली. प्यायच्या पाण्याचा माठ तिनं घरातून ओढत आणून मुळाशी उपडा केला होता. स्वतः घोटभरही प्यायली नसणार, ओठ सुकले होते.

माझा तोल गेला. "घाल, अजून घाल! मग उपाशी मर तू, अन् मलाबी मार!"

ती दचकून भिंतीला टेकली. माझ्याकडे बघत राहिली आणि तिनं मला ओळखलं नाही. परक्या माणसासमोर घेतात तसा डोक्यावर पदर घेतला.

"वरडू नगा," ती म्हणाली. "माझे मालक डूटीवर गेलेत. येऊ द्या त्यांना, सांगते. लई मायाळू हायत ते. कुणाला तहानलेलं ठेवत न्हाईत."

रडू आलं, ते तिच्यादेखत कसंबसं गिळलं. यंदाही फुलं नाहीत आणि उन्हाळ्याच्या सगळ्या सकाळी कशा जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

आत जाऊन घागरीतून पेला भरून आणला आणि तिच्यापुढे धरला.

"आधी तुम्ही प्या, मग झाडाला घाला," मी म्हणालो. "तुमचे मालक काही बोलायचे न्हाईत."