रेनीबाईंची खिडकी

खरं ऐकायला एडिंबरात कोण येतं? खरं म्हणजे ओल धरलेल्या भिंती, गुडघे मोडणारा चढ आणि समुद्रावरून येऊन दिवसदिवस न हलणारं धुकं. त्यासाठी कुणी विमानाचं तिकीट काढत नाही. म्हणून मी, मर्डो गेडिस, गाइड, हायस्ट्रीटवरून माणसांचा घोळका घेऊन स्केलीच्या बोळात उतरतो, छत्री उंच धरतो आणि केसांचे टोप करणाऱ्याची गोष्ट सांगतो. सख्ख्या भावाने त्याला तळघरात चिणला, आणि थंडी पडली की अजून तो आतून भिंत ठोठावतो. गोष्ट मीच रचलेली. आता गावातले सगळे गाइड ती सांगतात, वर आपल्या आजीने तो आवाज ऐकल्याच्या शपथा घेतात.

मी ‘ठोठावतो’ म्हटलं रे म्हटलं, की दुसऱ्या मजल्यावरची खिडकी धाडकन वर सरकायची.

“थापाड्या मेला! ती माझ्या हीटरची नळी वाजते! किती वर्षं नगरपालिकेच्या मागे लागलेय मी!”

ही एफी रेनी. मी आपलं रेनीबाईच म्हणायचो. पर्यटक खूश व्हायचे. त्यांना वाटायचं, हा खेळाचाच भाग.

“या बाईंना तुम्ही काय देता?” एका जर्मन गृहस्थाने एकदा विचारलं.

“मी कशाला देतोय? तीच देते, शिव्या,” मी म्हणालो.

मीही त्याच इमारतीत राहतो. बाई त्याच जिन्यावर, माझ्या खालच्या मजल्यावर राहायच्या. एके काळी जिना माणसांनी भरलेला होता. मग एकेक घर विकलं गेलं, पर्यटकांना चार दिवसांच्या भाड्याने जाऊ लागलं, दारांशेजारी आकडे फिरवून उघडायच्या किल्लीच्या डब्या लागल्या आणि चाकांच्या बॅगा पायऱ्यांवर आपटू लागल्या. ज्या पाहुण्यांवर माझं पोट, त्यांनीच माझे शेजारी घालवले. तक्रार कुणाकडे करणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

आमच्याकडे जिना पाळीपाळीने धुतात. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला पाटी अडकवायची. त्याने धुऊन काढला की पुढच्याच्या दाराला. पूर्वी ती पाटी सगळ्यांकडून फिरून यायला महिने लागत. आता ती माझ्याकडून रेनीबाईंकडे आणि रेनीबाईंकडून माझ्याकडे. किल्लीच्या डब्या काय जिना धुणार?

लग्न मी केलं नाही. जमलं नाही म्हणा. दिवसभर बोलून घसा बसतो, पण माझ्याशी कुणी बोललेलं नसतं. ‘संडास कुठे आहे’ हे बोलणं नव्हे. माझ्याशी बोलणारं माणूस एकच होतं, आणि तेही खिडकीतून ओरडून.

ऑक्टोबरात बाई पाटी घेऊन माझ्या दाराशी आल्या. धापा टाकत उभ्या राहिल्या.

“मर्डो, ही माझी शेवटची पाळी हं. घर विकलं. लेकीकडे चाललेय, खाडीपलीकडे. गुडघे ऐकत नाहीत रे आता.”

“बरं केलंत,” मी म्हणालो. “तिथे नळी नाही वाजणार.”

“नाही ना,” त्या म्हणाल्या, आणि उगाचच थोडा वेळ थांबल्या.

राजेराण्यांच्या भानगडींवर तास तास बोलणारा मी, पाटी मुठीला अडकवून आत वळलो. त्या गेल्या तर या दगडी जिन्यात मी एकटा उरणार होतो, आणि त्याची मला भीती वाटत होती. पुढच्या आठवड्यात दोनदा त्यांच्या दारापर्यंत उतरलो. दोन्ही वेळा मनात वाक्य जुळवलं आणि तसाच वर आलो.

सामानाची गाडी शुक्रवारी सकाळी यायची होती. गुरुवारी दुपारचा घोळका घेऊन मी बोळात उतरलो. वर हायस्ट्रीटवर धुकं इतकं होतं की मागच्यांना माझी छत्रीसुद्धा दिसत नव्हती; बोळात ते जरा विरळ होतं. मी गोष्ट सांगितली. ‘ठोठावतो’ म्हटलं. खिडकी वर गेली.

“थापाड्या मेला! उद्यापासून तुझ्या थापा कोण पकडणार रे?”

लोक हसले. मी छत्री खाली घेतली.

“एफी, जाऊ नकोस.”

पहिल्यांदाच तिला नावाने हाक मारत होतो.

“इथे मला ओळखणारं तुझ्याशिवाय कुणी नाही. जिना मी धुईन, कायमचा. बाजारहाट मी वर आणून देईन. गुडघ्यांचं काय ते बघू. मला एकटं राहवणार नाही, एफी. घर विकलं तर विकलं, माझ्याकडे राहा.”

आवाज फाटला होता. मग मागे कुणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळा बोळ टाळ्यांनी दणाणला. एका बाईने डोळे पुसले. फोन वर झाले, आधी माझ्याकडे, मग खिडकीकडे.

एफीने एवढे लोक पाहिले, ते फोन पाहिले आणि तिचा चेहरा फुलला.

“अगंबाई, माझ्यासाठी निरोपाचा खास खेळ!” तिने छातीवर हात ठेवून गर्दीला मुजरा केला. “काय वठवलंस रे मेल्या! मला तर घटकाभर खरंच वाटलं.”

खिडकी खाली आली.

“हे रोज असतं का?” घोळक्यातल्या एका पोरीने विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. “आज शेवटचं.”

त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.