डिंपलची सोबतीण

धानाच्या रोवणीच्या दिवसांत, सगळा गाव चिखलात वाकलेला असताना, शेताच्या धुऱ्यावर खेळणाऱ्या डिंपलला साप चावला आणि दवाखान्याच्या वाटेवरच, आईच्या मांडीवर, ती गेली. घनश्यामने लेकीला नाल्याकाठी पुरले. सोबतची माणसे खड्डा खणून बाजूला झाली, पण उघड्या चेहऱ्यावर माती लोटायला त्याचा हात धजेना. तेव्हा त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढून तिच्या तोंडावर पांघरला. हे त्याने कोणालाच सांगितले नाही. घरी परतला तेव्हा बायकोने, शामकलाने, दारातच विचारले, "पोरीले कुठी सोडून आले?"

त्या दिवसापासून डिंपलची थाळी रोज वाढली जाई. शामकला समोर बसून भात कालवी, लाडाने दटावी, आणि घास सुकून गेला की "पोट दुखून राहिलं तिचं" म्हणत थाळी उचली. एकदाच घनश्याम म्हणाला, "शामकला, ती नाही आता." ती रडली नाही, भांडली नाही. आपल्या पोरीचे वाईट चिंतणाऱ्या परक्या माणसाकडे पाहावे तसे तिने त्याच्याकडे पाहिले. पुन्हा बोलायची त्याची हिंमत झाली नाही.

धान घरात आल्यावर धुऱ्यापलीकडच्या घरातल्या दुर्गेश्वरीची प्रिया अंगणात येऊ लागली. ती डिंपलच्याच वर्गातली. शामकला तिची वेणी घाले, तिला मुरमुरे देई, आणि कितीतरी दिवसांनी घरात हसण्याचा आवाज ऐकू येई. "येऊ द्या भाऊजी, ताईचं मन तरी रमते," असे दुर्गेश्वरी स्वतःच म्हणाली, आणि घनश्यामच्या छातीवरचे ओझे थोडे हलके झाले.

एके दुपारी तो वावरातून परतला तेव्हा प्रिया अंगणात रेघा ओढून लंगडी खेळत होती. आपला डाव संपला की ती बाजूला होई, आखलेल्या रिकाम्या घरांकडे डोळे लावून थांबे, मग "आऊट! रेघेवर पाय पडला तुया!" असे ओरडून पुन्हा आत शिरे. पोरांचा खेळ, म्हणून तो पाय धुवायला वळला. प्रियाने मागून हाक मारली.

"काका, डिंपल म्हणते, तोंडावरचा दुपट्टा काढा. तिचा दम घुटून राहिला."

लोटा त्याच्या हातून निसटला. उंबऱ्यात बसलेली शामकला तांदूळ निवडत होती; तिने मानही वर केली नाही.

तेच बोलणे प्रियाने घरीही केले असावे. दुर्गेश्वरीने तिचे येणे बंद केले. शामकला तिच्या दारात जाऊन बसली, पदर पसरला. "दुपारभर पाठव वो बाई. माह्या पोरीले एकटीले करमत नाही." दुर्गेश्वरी रडत होती, पण तिने दार लावून घेतले.

मग शामकलाने खाणे सोडले. दिवसभर ती रिकाम्या अंगणाकडे तोंड करून समजूत काढत बसे, येईल, येईल सोबतीण. आणि तिचा आवाज रोज खोल जाई. अखेर घनश्याम तिच्याजवळ बसला. कितीतरी दिवस गिळलेला प्रश्न त्याने विचारला.

"कशी दिसते ती?"

शामकलाने अंगणाकडे एकदा पाहून आवाज खाली आणला. "पहिलेसारखी नाही दिसत," ती म्हणाली. "जवळ आली का मलेबी भेव लागते. मंग काय करू? टाकून देऊ? माहीच हाय ना?"

तो तिथून उठला तो थेट दुर्गेश्वरीच्या घरी गेला. पाया पडून मागू, असे त्याने ठरवले होते. पण दुर्गेश्वरी वावरात गेली होती, आणि ओट्यावर प्रिया एकटीच बसली होती. वेणी घातलेली, पायात चपला.

"चला ना काका," तो काही बोलायच्या आधीच ती म्हणाली.

आईला विचारू, हे त्याच्या मनात आले आणि त्याने ते बाजूला सारले. घरी एक बाई जीव सोडत होती. त्याने पोरीचा हात धरला. दुपार टळली होती, लाखोळीच्या निळ्या फुलांवर ऊन पसरले होते, आणि चिटपाखरू नसलेल्या त्या वाटेने दोघे चालू लागले. प्रियाचा दुसरा हात अंगापासून जरा दूर होता, मूठ अर्धी मिटलेली. घनश्यामने तिकडे पाहिले नाही. समोरच नजर ठेवून तो चालत राहिला. दूर, घराच्या दारात शामकला उठून उभी राहिली होती आणि कपाळावर हात धरून त्यांच्याकडे पाहत होती.

"हळू या वो पोरींनो," तिची हाक आली.

पुढे धुऱ्यावरची वाट अरुंद होत गेली. तिघांना बरोबरीने चालता येईना, तेव्हा प्रियाने एक हात सोडला.

घनश्यामचा.