पडदा आणि पहिली रांग

करवाल्या काकांच्या ऑफिसात बाकडं एकच होतं, म्हणून दोघी बहिणींना चिकटून बसावं लागलं. नाहीतर धाकटी ताईपासून चार हात लांबच बसली असती!

कारणही तसंच होतं. ताईने कर्णबधिर मुलांच्या शाळेला देणगी दिली आणि आईने ती बातमी भाजीवालीपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत पोचवली. "माझी थोरली म्हणजे सोनं हो! शिवाय करातही सूट!" आणि धाकटीने? त्याच शाळेच्या रंगमंचाचा अख्खा पडदा फुकट शिवला होता. ती जाडजूड मखमल सुईखाली सरकता सरकत नव्हती, खांदे नुसते भरून आले. त्यावर आई एवढंच म्हणाली, "छान हो. माझ्या उशांचे अभ्रे कधी देतेस?"

अभ्रे! धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्यालाही सूट मिळाली पाहिजे आणि ती आईच्या नाकासमोर नाचवता आली पाहिजे, एवढ्यासाठी तिने आज शिलाईचं दुकान बंद ठेवलं होतं.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "कापड कुणाचं?"

"शाळेचं."

"मग तू काय दिलंस?"

"काय दिलं म्हणजे? शिवला ना!"

"मेहनतीला सूट नसते, बाळ. पैसे दिले तरच."

"बरं, मग शाळेला शिलाईचं बिल लावते आणि मिळालेले पैसे त्यांनाच दान करते!"

"कर की. पण ते बिल तुझी कमाई धरणार. कमाई वाढली तेवढीच सूट. फिरून फिरून तिथेच!"

धाकटीचं तोंड एवढंसं झालं. ताई खिडकीबाहेर बघत होती. हसत असणार, दुसरं काय!

काका ताईकडे वळले. "देणगीच्या बदल्यात शाळेने काही दिलं?"

"मुलांच्या नाटकाला पहिल्या रांगेतल्या तीन खुर्च्या."

"मग त्यांची किंमत कापावी लागेल. बदल्यात जे घेतलं, ते दान नव्हे."

धाकटीला आतून अशा काही उकळ्या फुटल्या! "कापा काका, चांगलं कापा! आणि काय गं, तीन खुर्च्या कशाला? पाय पसरायला?"

ताई लालबुंद झाली. "आईला लांबचं दिसतं का? तुझा पडदा तिने जवळून बघावा म्हणून घेतल्या. ती, मी आणि तू. शाळेत जो तो विचारतो, पडदा कुणी शिवला? मला कोण विचारतंय! मी आपली चेक फाडणारी बाई."

धाकटी बघतच राहिली. म्हणजे ही माझ्यावर जळते? आणि आता हिच्यावर धड जळताही येईना!

"खुर्च्या परत केल्या तर पूर्ण सूट," काका म्हणाले.

"अजिबात नाही!" धाकटीच ओरडली. मग तिने ताईला कोपराने ढोसलं. "पण आईच्या शेजारी मी."

"अगं, आई मध्ये बसली की दोघी शेजारीच."

"नाही. मध्ये मी!"